सतरा रंगांचा दरबार तीन रंगांवर आला त्याची बखर

॥ श्री ॥ पांढऱ्या कागदास नमन, काळ्या शाईस नमन, आणि नेमक्या जागी पडणाऱ्या एका तांबड्या ठिपक्यास विशेष नमन. शके सोळाशे चौऱ्यायशी, चित्रभानु नाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे डोळ्यांनी पाहिले, आणि जेथे पाहता आले नाही तेथे कानांनी ऐकिले, तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. महाराजांचेही नाव लिहावयाची आज्ञा नाही, कारण पुढील मजकुरात महाराजांची थोडी फजिती आहे. लिहिणाराचे नाव कोणी विचारिलेच नाही, तर तेही राहिले.

ऐसे जे, महाराज शूर होते, दाते होते, घोड्यावर बसले तर घोड्यास अभिमान वाटावा ऐसे होते, परंतु एक शब्द त्यांस जन्मात उच्चारता आला नव्हता, तो शब्द 'नाही'. थोरल्या महाराजांनी पूर्वी एका सरदारास, पुरातून हत्ती सुखरूप आणिला म्हणोन, निळा रंग मानाचा दिला होता, म्हणजे दरबाराच्या भिंतीवर त्या रंगाचा एक पट्टा आणि सरदाराच्या पागोट्यास तोच रंग. चाल चांगली होती. पुढे त्या सरदाराचा वंश राहिला नाही, निळा पट्टाही भिंतीवरून उतरला, परंतु चाल राहिली, आणि हल्लीचे महाराज गादीवर बसले तेव्हां जो येईल तो म्हणो लागला की मजलाही रंग द्यावा, आणि महाराज म्हणत, दिला. बुद्धिबळात महाराजांकडून हरले म्हणोन एकास जांभळा दिला, वैद्यबुवांनी उचकी थांबविली म्हणोन त्यांस पोपटी दिला, आणि हैबतराव म्हणोन जे सर्वांत जुने मानकरी, ज्यांच्या मिशा दरवाज्यातून आधी आत येत आणि मागाहून ते स्वतः येत, त्यांच्याकडे गुलबक्षी होता. ऐसे करता करता सतरा मानकरी आणि सतरा रंग जाहले. आणि नियम ऐसा पडला की जेथे एक रंग लागेल तेथे सतराही लागावे, नाहीतर रुसवा. मग भिंतीस सतरा पट्टे, खांबांस सतरा रंगांची वस्त्रे गुंडाळलेली, पडद्यास सतरा, गालिच्यास सतरा, चोपदाराच्या अंगरख्यास सतरा, आणि राजपत्रेही सतरा शायांनी लिहावी ऐसा हुकूम, त्यामुळे तिथी पोपटी शाईत पडे आणि वार लिंबाच्या रंगात पडे, तो कोणास वाचता न ये, आणि दसऱ्याचे आमंत्रण घेऊन पाहुणे दिवाळीस येत. ती पत्रे या लिहिणारानेच लिहिली आहेत, आणि खरे सांगावयाचे तर तेव्हां आपण मोठी शोभा केली ऐसे वाटत असे.

या महाराजांस एकच कन्या, सगुणाबाई. वय वर्षे एकोणीस, लोक म्हणत फार दिवस घरी ठेविली, परंतु महाराजांच्याने तिला दूर धाडवत नव्हते, आणि आईसाहेब पूर्वीच कैलासवासी जाहल्या होत्या, म्हणोन कोणी बोलत नसे. राजकन्येच्या वस्त्रात आपला रंग असावा हा तर सतराही मानकऱ्यांचा मोठा आग्रह, मग तिच्या लुगड्यास सतरा रंग, चोळीस सतरा, आणि ती दरबारात येऊन बसली म्हणजे भिंत कोठली, पडदा कोठला आणि कन्या कोठली हे कोणास उमजत नसे. महाराज "सगू" म्हणोन पडद्याकडे पाहोन हाक मारीत, आणि ती खांबापासून ओ देई. ती हसतमुख होती, हसण्यावारी नेई, परंतु मनात सल होता, आणि तो सल तिने एकीलाच सांगितला होता, बयजा रंगारणीला, की "बयजाबाई, मी या घरात जन्मले, वाढले, पण मला अजून कोणी पाहिलंच नाही." शेजारच्या राज्याचे युवराज जोत्याजीराव यांजकडून मागणे आले तेव्हां ती मनातून फार आनंदली, कारण त्यांस तिने एकदा जत्रेत घोड्याच्या खुरातला काटा काढताना पाहिले होते, भोवती इतके सेवक असता स्वतः चिखलात गुडघे टेकून, आणि तेव्हांच तिचे मन बसले होते.

मग कार्तिक मासी युवराजांच्या मातोश्री राधाऊसाहेब मुलगी पाहावयास आल्या. त्यांची नजर ऐसी की साठीतही चष्म्यावाचून सुईत दोरा ओवीत. हातात खण, नारळ, हळदकुंकू ऐसे ताट घेऊन त्या दरबाराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि सतरा रंग एकदम अंगावर आले तेव्हां त्यांनी डोळे मिटले, मग किलकिले केले, आणि धीर धरून चालो लागल्या. चालता चालता तिसऱ्या खांबापाशी थांबल्या. खांब भरजरी वस्त्रात होता, वर झेंडूची माळ होती, उंचीने बेताचा होता. राधाऊसाहेबांनी मोठ्या मायेने खांबास कुंकू लाविले आणि ओटी भरिली. नारळ खाली पडला आणि गडगडत हैबतरावांच्या पायाशी गेला. हैबतरावांस वाटले की वरपक्षाची ही कुळाची रीत असेल, आपण पाळिली नाही तर अपमान होईल, म्हणोन त्यांनी उठोन शेजारच्या खांबास कुंकू लाविले, आणि त्यांचे पाहोन सोळाही मानकरी उठले आणि एकेका खांबास कुंकू लावो लागले. तेव्हां खांबामागून आवाज आला, "आऊसाहेब, तो खांब आहे. मी इकडे."

राधाऊसाहेबांचा चेहरा ऐसा लाल जाहला की त्या दरबारात तेवढा एकच रंग नेमका दिसला. त्या बोलिल्या, "महाराज, आमच्या घरात माणसं मोजकी आणि कामं फार. सून रोज उठून शोधावी लागली, तर बाकीचं कधी करायचं? मार्गशीर्षात पुन्हा येते. उंबऱ्यावरून मुलगी दिसली तर सोयरीक झाली म्हणून समजा. नाही दिसली तर तुमचा नारळ तुम्हांला आणि आमचा आम्हांला." इतके बोलोन गेल्या. सगुणाबाई खांबास टेकोन उभ्या होत्या. त्यांनी खांबावरचे कुंकू पुसले नाही.

मग मसलत भरली. हैबतराव बोलिले की मुलगी उठून दिसावी तर तिच्या अंगावर गुलबक्षी वाढवावा. वैद्यबुवा बोलिले, घुंगरू बांधावे, म्हणजे दिसली नाही तरी ऐकू येईल. कारभारी भिकाजीपंत, जे हिशेबी आणि फार न्यायी, ते बोलिले की सतरा रंगांत ती हरवते तर अठरावा रंग काढावा, तो तिचा एकटीचा. महाराज बोलिले, दिला. आणि बयजा रंगारणीस बोलाविणे गेले. बयजा आली. तिचा डावा हात कोपरापर्यंत निळीने निळा आणि उजवा मंजिष्ठाने तांबडा, तिच्या अंगणात सतरा रांजण, आणि जीभ ऐसी की रांजण ढवळायच्या दांड्यासारखी सरळ. तिने ऐकून घेतले आणि बोलली, "सरकार, अठरावा रंग माझ्याकडं न्हाई. सतरा रांजणं ढवळून जो उरतो तो चिखलाचा, आन् तो पावसाळ्यात फुकट मिळतो." महाराजांनी विचारिले, "मग उपाय काय?" ती बोलली, "तीन रंग ठेवा. बाकीचं समदं उतरवा." सतराही मानकऱ्यांचे हात आपापल्या पागोट्याकडे गेले. महाराज बोलिले, "बयजा, एवढं मोठं राज्य, तीन रंगांत कसं भागेल?" ती बोलली, "सरकार जेवायला बसता तवा ताटात काय असतं? भात ढीगभर. त्यावर वरण वाटीभर. आन् डाव्या अंगाला लोणचं, बोटभर. भाताबगर पोट भरत न्हाई, वरणाबगर भात उतरत न्हाई, आन् लोणच्याबगर जेवल्यागत वाटत न्हाई. रंगाचं बी तसंच असतंय, मग भिंत असो, लुगडं असो का कागद असो. आता तुमच्या ताटात कुणी सतरा लोणची वाढली आन् भात द्यायचाच इसरला, तर तुम्ही जेवाल का पळाल?"

वैद्यबुवांस हसू आले ते त्यांनी खोकल्यात घातले. परंतु हैबतराव उठोन उभे राहिले, मिशा थरथरत होत्या, आणि बोलिले, "महाराज, रंग गेला तर आमचा मान गेला. आमच्या बापजाद्यांनी..." आणि येथे थांबले, कारण गुलबक्षी त्यांस सहा वर्षांपूर्वी मिळाला होता, बापजाद्यांचा त्यात संबंध नव्हता. तरी सतराही उठले आणि सर्व महाराजांकडे पाहो लागले. महाराजांनी तोंड उघडले, सवयीने ओठांवर 'दिला' हा शब्द आलाही होता, इतक्यात त्यांची दृष्टी तिसऱ्या खांबाकडे गेली. त्यावर कुंकू तैसेच होते. आणि त्या कुंकवाच्या बाजूस, सतरा रंगांच्या मधून, दोन डोळे दिसले, ते भरलेले होते. आणि महाराज बोलिले, "नाही." चोपदारास महाराजांच्या प्रत्येक शब्दामागे ललकारी द्यावयाची सवय, परंतु या शब्दाची ललकारी त्यास कोणी शिकविली नव्हती, म्हणोन तो आ वासून तैसाच उभा राहिला.

मग रंग कोणते ठेवावे याचा निवाडा जाहला. पहिला, भाताचा पांढरा, तो आजवर कोणीच मागितला नव्हता, म्हणोन त्यावर भांडण नाही. दुसरा, निळीचा निळा, थोरल्या महाराजांनी हत्तीवाल्या सरदारास दिलेला, त्यास आता कोणी धनी नाही, म्हणोन तो दरबाराचा. तिसरा कोणता, यावर पुन्हा सतरा तोंडे उघडली, तेव्हां बयजा बोलली, "जिच्यासाठी चाललंय तिला कुणी इचारलंय का?" तेव्हां महाराजांच्या ध्यानात आले की एकोणीस वर्षांत लेकीस कोणता रंग आवडतो हे आपण विचारिले नाही. फार ओशाळले, आणि खांबाजवळ जाऊन विचारिले. सगुणाबाई बोलिल्या, "आबासाहेब, डाळिंब फोडलं की पहिला दाणा दिसतो ना, तो रंग." इतक्या झटकन बोलिल्या की उत्तर बहुत वर्षांपासून तयार असावे. भिकाजीपंतांनी लगेच डाळिंबांची साले गोळा करण्याचा हुकूम दिला. बयजा बोलली, "पंत, सालीनं पिवळा येतो. डाळिंबी काढायला मंजिष्ठ लागतंय. तुम्ही कागद सांभाळा."

परंतु भिकाजीपंतांनी कागदच सांभाळिले ऐसे जाहले नाही. न्यायी मनुष्य. त्यांनी दोरी धरून दरबार मोजला आणि तिन्ही रंगांस बरोबर सारखा वाटा दिला, तिसरा हिस्सा पांढरा, तिसरा हिस्सा निळा, तिसरा हिस्सा डाळिंबी, एका बोटाचा फरक नाही, आणि मोठ्या अभिमानाने महाराजांस दाखविला. महाराजांनी पाहिले तो तीन पैलवान एका आखाड्यात उतरले आहेत आणि कोणी कोणास हटत नाही ऐसे दिसे. बयजा आली, पाहिले, आणि कमरेवर हात ठेवोन विचारिले, "पंत, घरी तुम्हांस्नी भाताइतकं लोणचं वाढत्यात का?" पंत बोलिले, "नाही." ती बोलली, "मग हितं का वाढलंत?" पंतांनी दोरी गुंडाळिली. मग सर्व पुन्हा बयजाच्या सांगण्याप्रमाणे केले. भिंती, छत आणि खांब पांढरे. पडदे, गालिचा, सतराही मानकऱ्यांचे आणि चोपदारांचे अंगरखे निळे. आणि डाळिंबी तीनच जागी, गादीवरचा एक तक्क्या, राजपत्रास बांधावयाची दोरी, आणि सगुणाबाईंचे लुगडे. बयजा बोलली, "चौथ्या जागी हा रंग दिसला तर मी रांजण फोडून गावाला जाईन." या लिहिणारासही आज्ञा जाहली की पांढऱ्या कागदावर निळ्या शाईने लिहावे आणि वर डाळिंबी दोरी बांधावी, बाकी काही नाही. हात फार शिवशिवला. कडेस एक वेल काढावी, एक मोर काढावा ऐसे फार वाटले, काढिला नाही. ते पत्र राधाऊसाहेबांस गेले आणि ठरल्या दिवशी त्या बरोबर येणार ऐसा उलट जबाब आला, दरबाराचे पत्र वेळेत वाचले गेल्याचा तो पहिला प्रसंग.

इकडे हैबतराव रुसून घरी बसले. जेवण टाकिले, निदान लोकांसमोर टाकिले. आणि थोरला मानकरी नसता शुभकार्य करणे हे बरे नव्हे, म्हणोन महाराजांस घोर पडला. तेव्हां बयजा त्यांचा नवा निळा अंगरखा घेऊन त्यांच्या दारी गेली. हैबतरावांनी तोंड फिरविले. तिने अंगरखा उलटा करून समोर धरिला. आत अस्तर होते, आणि ते गुलबक्षी होते, मोठे सुंदर, लकाकते. ती बोलली, "सरकार, बाहेरचा रंग लोकांच्या डोळ्याला लागतो. अस्तर अंगाला लागतं. मान कुणाचा मोठा?" हैबतरावांनी अस्तरावरून हात फिरविला, मग अंगरखा घातला, आणि डोळ्यांस पाणी आले ते मिशीने टिपले. सतराही अंगरख्यांस ज्याचे त्याचे अस्तर लागले. खोड एवढीच की हैबतराव वाटेत जो भेटेल त्यास बंद सोडून अस्तर दाखवो लागले, तेव्हां भिकाजीपंतांनी हात जोडून विनविले, "रावसाहेब, त्या दिवशी तेवढं नको."

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस राधाऊसाहेब आल्या. आत सगुणाबाई डाळिंबी लुगडे नेसून बसल्या होत्या आणि बयजा दाराआड उभी राहून तोंडात पदर घालीत होती. राधाऊसाहेब उंबऱ्यावर आल्या तेव्हां सर्वांनी लवून मुजरा करावा ही रीत, आणि लवले की अंगरखा उघडतो आणि अस्तर बाहेर येते, हे त्या क्षणी सर्वांच्या ध्यानात आले, आणि कोणास काय करावे सुचेना. तेव्हां हैबतराव, ज्यांनी जन्मात एक मुजरा चुकविला नव्हता आणि ज्यांस आपला गुलबक्षी दाखविण्याची इतकी हौस, त्यांनी दोन्ही हातांनी अंगरखा पोटाशी घट्ट धरिला आणि ताठ उभे राहिले. त्यांचे पाहोन सोळाही तैसेच उभे राहिले. राधाऊसाहेबांनी हळूच विचारिले, "यांची सगळ्यांची पोटं दुखतात काय?" परंतु उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. त्यांची दृष्टी पुढे गेली आणि तेथेच राहिली. मग त्या सरळ चालत गेल्या, कोठे थांबल्या नाहीत, इकडे तिकडे पाहिले नाही, आणि सगुणाबाईंसमोर बसोन हनुवटीस हात लाविला आणि बोलिल्या, "दिसलीस बाई. आणि हे काय, हसलीस की गालाला खळी पडते! मागच्या वेळी हे मला कुणी सांगितलं का नाही?" आणि ओटी भरिली. महाराज गादीवर बसले होते, ते पुढे वाकले. लेकीच्या गालास खळी पडते हे त्यांसही त्या दिवशीच कळले. हे त्यांनी कोणास सांगितले नाही, परंतु लिहिणारा जवळ होता आणि त्याने त्यांचा चेहरा पाहिला.

मग माघ मासी लग्न जाहले. पाहुणे नेमक्या तिथीस आले, इतके आले की पंगती तीन दिवस उठल्या नाहीत. जोत्याजीराव वरातीत घोड्यावरून उतरताना अडखळले, कारण समोर पाहत होते, पायाखाली पाहत नव्हते. चौथे दिवशी पाठवणी. महाराजांनी लेकीस पालखीत बसविले, आणि वाट दूरची, पाठीस काही असावे, म्हणोन धावत आत जाऊन गादीवरचा डाळिंबी तक्क्या आणिला आणि तिच्या पाठीशी ठेविला. सगुणाबाई बोलिल्या, "आबासाहेब, गादी रिकामी दिसेल." महाराज बोलिले, "दिसू दे." पत्रांची डाळिंबी दोरीही आहेर बांधण्यात गेली. पालखी वेशीबाहेर दिसेनाशी जाहली तेव्हां महाराज दरबारी परतले, पाहतात तो भिंती पांढऱ्या, अंगरखे निळे, आणि तिसरा रंग कोठेच नाही. आजवर सतरा रंगांत ती असताही दिसली नाही, आणि आता ती नसता जिकडे पाहावे तिकडे तिचे नसणेच दिसो लागले. महाराज बसोन राहिले. भिकाजीपंत हळूच पुढे येऊन बोलिले, "महाराज, डाळिंबी आणखी काढवितो. तक्क्या, पडद्याची किनार, काहीतरी करू." आणि महाराज दुसऱ्यांदा बोलिले, "नाही. ती जागा तशीच ठेवा." या वेळी चोपदारानेही ललकारी दिली नाही, आणि ते त्याने जाणोन केले.

तेव्हां हैबतरावांच्याने महाराजांचे तोंड पाहवेना. ते उठले, दरबाराच्या मध्यावर आले, बंद सोडिले आणि अंगरखा दोहीकडे उघडून गुलबक्षी अस्तर दाखवीत उभे राहिले. मग वैद्यबुवांनी पोपटी उघडिला, मग जांभळा, मग सतराही, आणि महाराज डोळ्यांत पाणी असताच ऐसे हसले की त्यांस उचकी लागली आणि वैद्यबुवांस काम मिळाले. उचकी थांबल्यावर महाराज बोलिले, "बंद करा आता. तिच्या जागेत गर्दी होते."

एवंच सारांश ऐसा की, भात ढीगभर, वरण वाटीभर, लोणचे बोटभर. रंग वाढविणे कोणासही येते, काढून टाकण्यास एकदा 'नाही' म्हणावे लागते, आणि ज्याचा मान बाहेरून गेला त्यास अस्तर द्यावे. जे माणूस दिसावे ऐसे वाटते त्याच्या भोवती मोकळी जागा ठेवावी. चैत्रात सगुणाबाई माहेरपणास आल्या, डाळिंबी नेसून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, महाराजांनी "सगू" म्हणोन हाक मारिली ती नेमकी त्यांच्याकडे पाहोन मारिली, आणि दरबार पुरा जाहला. हे सर्व पांढऱ्यावर काळे लिहिले. तांबडी शाई एका थेंबाची जपून ठेविली होती, ती येथे लावितो.